शब्दचर्चा: विषाणूनाशक की विषाणूरोधक?

नाशिकरोडकर: नमस्कार. पावसाळ्याआधी आमच्या वसाहतीत वाटायला डेंग्यू-चिकुनगुन्याचं माहितीपत्रक तयार करतेय. 'अँटीव्हायरल' म्हणजे विषाणूंवरच्या औषधासाठी एकाने 'प्रतिजैविक' सुचवलं, दुसऱ्याने 'विषाणूनाशक'. शिवाय 'डासजन्य विषाणू' हा प्रयोग मला खटकतोय. तुम्ही काय लिहाल?

पंचवटीकर: ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'प्रतिजैविक' आधी काढून टाका. मराठीत तो शब्द अँटीबायोटिकसाठी पक्का झालाय, आणि ती औषधं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. आधीच ताप आला की लोक मेडिकलमधून अँटीबायोटिकचा कोर्स स्वतःच आणतात. आपल्या पत्रकाने त्याला हातभार नको.

'विषाणूनाशक' शब्द चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या वस्तूचा आहे. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल किंवा फरशीवर टाकायचं ब्लीच विषाणूला शरीराबाहेर निकामी करतं, ते विषाणूनाशक. पोटात घ्यायचं औषध सहसा तसं काम करत नाही. विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीच्याच सामग्रीतून स्वतःच्या नकला काढून घेतो. औषध या कामात कुठेतरी खोडा घालतं.

मोस्नोडेनव्हिरचं उदाहरण घ्या. बेल्जियममधलं ल्यूव्हेन विद्यापीठ आणि जॅन्सन कंपनी यांच्या संशोधनातून आलेलं हे डेंग्यूवरचं औषध. डेंग्यू विषाणूची एनएस३ आणि एनएस४बी ही दोन प्रथिनं एकमेकांना जोडली गेली की नकला काढायची यंत्रणा उभी राहते. हे औषध ती जोडणीच होऊ देत नाही. डेंग्यूच्या चारही प्रकारांवर ते प्रयोगशाळेत चाललं, उंदरांतले आणि माकडांतले निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने प्राधान्यक्रम बदलल्याचं सांगून डेंग्यूची लागण टाळता येते का हे पाहणारी लोकांमधली चाचणी थांबवली. औषध धोकादायक ठरलं म्हणून नव्हे. मला याचं फार वाईट वाटतं.

तर माझं मत 'विषाणूरोधक'. अडवायचं म्हटलं की वेळेत अडवायला हवं, हेही त्या शब्दात येतं आणि डेंग्यूत खरी अडचण तीच आहे. ताप उतरू लागतो तेव्हा रक्तातले विषाणू आपोआपच घटत असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका नेमका तेव्हा सुरू होतो. याआधीचा एक प्रयत्नही फसलाय: मूळ हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी बनवलेलं बालापिराव्हिर हे औषध व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. त्यांच्या रक्तातले विषाणू त्याने कमी झाले नाहीत.

दिंडोरीकर: सर, आमच्या टोमॅटोवर 'व्हायरस आला' म्हणतो तेव्हा आम्हाला ठाऊक असतं की त्यावर औषध नाही. फवारणी होते ती पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्यावर, कारण तेच तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. डावणी-भुरीला बुरशीनाशक आहे, व्हायरसला तसं काही नाही. डेंग्यूचंही तसंच का? तसं असेल तर डासाला 'वाहक' म्हणा, सगळ्यांना कळेल.

पंचवटीकर: दादा, बरोबर. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका, जपानी मेंदूज्वर यांपैकी एकावरही आज मान्यताप्राप्त विषाणूरोधक औषध नाही. म्हणून तर आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी ठेवून कोरडा दिवस पाळायचा, कूलर आणि टायरमधलं पाणी उपसायचं.

तुमच्या 'वाहक'वरून ताईंचा दुसरा प्रश्नही सुटतो. 'जन्य' म्हणजे त्यापासून झालेला. आजाराला 'डासजन्य' म्हणणं रुळलंय, सरकारी पत्रकातही 'कीटकजन्य आजार' असतंच, ते राहू द्या. पण विषाणू डासापासून जन्मत नाही. डास तो एका माणसाच्या रक्तातून घेतो, विषाणू डासाच्या अंगात वाढतो आणि पुढच्या चाव्यातून दुसऱ्याला जातो. तिथे 'डासांमार्फत पसरणारे विषाणू' असं सरळ लिहा. 'डासवाहित' अचूक आहे, पण पत्रकासाठी जड.

नाशिकरोडकर: 'डासांच्या तापावरचं औषध' असं एकत्र म्हटलं तर चालेल का?

पंचवटीकर: नको. मलेरियाचा जंतू विषाणू नाहीच, तो परजीवी आहे आणि त्यावर औषधं आहेत. डेंग्यू आणि झिका एका कुळातले, चिकुनगुन्या वेगळ्याच कुळातला. मोस्नोडेनव्हिर उद्या बाजारात आलं तरी चिकुनगुन्याला त्याचा उपयोग नाही. आणि 'चिकनगुनिया' लिहू नका, लोक कोंबडीशी संबंध जोडतात. शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, सांधेदुखीने वाकलेल्या माणसावरून आलेला. आपल्या बार्शीत १९७३ मध्येच याची साथ येऊन गेलीय.

नाशिकरोडकर: मग असं लिहिते: 'डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचे आजार आहेत. त्यांवर विषाणूरोधक औषध अजून उपलब्ध नाही. प्रतिजैविकांचा या विषाणूंवर परिणाम होत नाही.'

पंचवटीकर: उत्तम. त्याखाली ठळक अक्षरांत एवढं घाला: 'तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोट खूप दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच दवाखाना गाठा.'