टेकडीवर नेलं तर पोरगा पुढेच सरकत नाही, काय करावं?

कोथरूडची_आई: मुलगा चार वर्षांचा. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर न्यायला लागलोय पण साहेब जरा चढले की बसकण मारतात, मुंग्या बघ, काठीने चिखल उकर. नवऱ्याचं म्हणणं निदान मंदिरापर्यंत तरी चालायला हवं. मला पावसाळ्यात सापकिरड्याची धास्ती ती वेगळीच. तुम्ही कसं करता?

रानभूल: अहो बसू द्या की त्याला! मंदिर गाठायची घाई आपल्याला असते, त्याला नाही. सध्या वाणी किडे भरपूर निघालेत, ते दाखवा, बोट लावलं की लगेच गुंडाळी करतात, चावत नाहीत पण उग्र वासाचा रस सोडतात म्हणून डोळ्याला हात लावायच्या आधी धुवायचे. गोम मात्र चपटी असते आणि सुसाट पळते, ती चावते, तिच्यापासून लांब.

टेकडीवाले_काका: घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत आणि दोन्ही विषारी, तेव्हा बिळात, कपारीत हात घालायचा नाही म्हणजे नाही. दगड मोठ्या माणसानेच उलटायचा, पलीकडची कड धरून आपल्याकडे, म्हणजे खाली जे काही असेल ते तिकडच्या तिकडे पळतं. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा, हे पोराला करायला लावा, आवडीने करतात. फुल पँट आणि बूट हवेतच. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. थंडीत खाजकुयलीपासून जपा.

दादरकर_मावशी: आमच्याकडे कुठली आलीय टेकडी! कडीपत्त्याच्या कुंडीत फुलपाखराची अळी सापडली, लहान असताना चक्क पक्ष्याची शीट वाटते, मोठी झाली की हिरवीगार. भाच्याने काडीने हळूच डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं काढली आणि असला वास सोडला की तो किंचाळत आत पळाला, मग दर पाच मिनिटांनी परत बघायला! बाटलीत भरू नका हो पण, कुंडीवरच राहू द्या. मुंबईकरांनी माहीमच्या निसर्ग उद्यानात जा, एकेकाळी डम्पिंग ग्राउंड होतं ते.

कोथरूडची_आई: थँक्यू सगळ्यांना. ठरलं, नवरा मंदिरापर्यंत जाऊन येणार, तोवर आम्ही मुंग्यांपाशी. काका, खाजकुयली ओळखायची कशी?

टेकडीवाले_काका: वेल असतो. शेंगा बाकदार, त्यावर दाट तपकिरी लव. ती लव वाऱ्यानेही उडते, त्यामुळे वाळलेल्या शेंगा दिसल्या की खाली बसूच नका.