डॉक्टरने जोडलं नाही ते कोडरने जोडायचं का?

विश्रामबागची_कोडर
काल टीममध्ये वाद झाला, डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकते. मी सांगलीत घरून अमेरिकेचे मेडिकल चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरने लिहिलेल्या आजारांना आयसीडी या यादीतले कोड लावते. परवा एक आला (वय वगैरे बदललंय, उगाच ओरडू नका), साठीतला माणूस, कमरेचं ऑपरेशन झालेलं, कित्येक वर्षं ऑक्सिकोडोन (ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी) चालू. डॉक्टरने असेसमेंटमध्ये एकाखाली एक तीन ओळी लिहिल्यात, ओपिऑइड डिपेंडन्स (त्या गोळ्यांवर अवलंबून असणं), डिप्रेशन, इन्सोम्निया (झोप न लागणं). कशामुळे काय झालं, एक अक्षर नाही. आमच्या ज्युनियरने सरळ एफ११.२४ आणि एफ११.२८२ ठोकून दिले, म्हणजे डिप्रेशन पण गोळ्यांमुळे आणि झोप उडाली ती पण गोळ्यांमुळे. मी ऑडिटमध्ये दोन्ही उडवले आणि एफ११.२०, एफ३२.ए, जी४७.०० असे तीन आजारांचे तीन सुटे कोड ठेवले. तर म्हणे ताई तुम्ही फार जुन्या वळणाच्या.
माझं म्हणणं एवढंच, डॉक्टरच्या दोन ओळींच्या मधे 'मुळे' हा शब्द आपण घुसवायचा नाही. शंका असेल तर क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरलाच लेखी विचारा.

भडंग_आणि_चहा
तो ज्युनियर मीच 😄 नाव घेतलं नाही त्याबद्दल आभार. पण ताई गाइडलाइनमध्येच आहे ना, कोडच्या इंडेक्समध्ये आजाराच्या 'विथ' (सह) या शब्दाखाली जे येतं ते जोडलेलंच धरायचं, डॉक्टरने संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तरच सोडायचं. डायबेटिस आणि किडनीचं आपण रोज असंच करतो, तेव्हा कुणी क्वेरी टाकत नाही. आणि क्वेरीला डॉक्टर तीन तीन दिवस उत्तर देत नाहीत, तोवर चार्ट होल्डवर, बोलणी आम्हाला. शिवाय माणूस जेवढा आजारी आहे तेवढा रेकॉर्डवर दिसायला नको का?

विश्रामबागची_कोडर
डायबेटिसचं उदाहरण इथे लागू होत नाही रे. एफ११.२४ च्या नावातच ओपिऑइड-इंड्यूस्ड आहे, म्हणजे ते एक वेगळं निदान आहे आणि निदान डॉक्टरने करायचं असतं. एफ११.९ च्या युज कोडला (डिपेंडन्स नाही, नुसता वापर) तर गाइडलाइन स्पष्टच सांगते की संबंध डॉक्टरने लिहिलेला हवा. तू म्हणशील ते युजला आहे, डिपेंडन्सला नाही. मान्य. पण त्याच चार्टचं पान १४ वाचलंस का? डिप्रेशन 'बायको गेल्यापासून' असं लिहिलंय. झालं की नाही तुझं 'विथ'!

मिरजेची_सिस्टर
मी कोडर नाही, मिरजेत वॉर्डात काम करते. तुम्ही दोघं २४ की २० वर भांडताय, मला तर त्या डिपेंडन्स शब्दावरच शंका आहे. आमच्याकडे कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन सुरू केलं की नातेवाईक हमखास विचारतात, सिस्टर, आमच्या म्हाताऱ्याला याची सवय लागंल का ओ. शरीराला सवय होतेच, एकदम बंद केलं की घाम, जुलाब, अंगावर काटा, सगळं होतं. ते व्यसन नव्हे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकेतलं मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक) यासाठी ११ निकष आहेत, त्यातले निदान २ लागतात, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरल्याप्रमाणे गोळ्या घेणाऱ्याला टॉलरन्स (तेवढ्याच परिणामाला डोस वाढवावा लागणं) आणि विथड्रॉवल (बंद केल्यावर होणारा त्रास) हे दोन निकष धरायचेच नसतात. म्हातारा गोळ्या नीट वेळेवर घेत असेल तर व्यसनाचा शिक्का कशाला?

विश्रामबागची_कोडर
सिस्टर, नुसतं दीर्घकाळ चालू आहे एवढंच असेल तर त्याला झेड७९.८९१ आहे. पण डॉक्टरने डिपेंडन्स लिहिलाय. डीएसएमने तो शब्द सोडला, आयसीडीने ठेवलाय, सगळा घोळ तिथेच आहे.

कोयनाकाठचा_कराडकर
आता ताई तुम्हीच म्हणताय घुसवायचं नाही, मग सिस्टरचं ऐकून काढायचं पण नाही. आणि शिक्का शिक्का काय लावलंय सगळ्यांनी? न लिहिल्यानं काय होतं ते घरात बघितलंय. चुलतभाऊ ट्रॅमॅडॉलच्या (हेही ओपिऑइडच) दिवसाला दहा-पंधरा गोळ्या खायचा (२०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी मिळत होत्या, कशा ते विचारू नका). ॲडमिट झाला तेव्हा काकांनी हातापाया पडून डिस्चार्ज कार्डावर फक्त पोटदुखी लिहून घेतलं, क्लेम अडकेल, पोराचं लग्न जमणार नाही वगैरे. दोन महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात पोटात कळ आली म्हणून पेंटाझोसिनचं इंजेक्शन दिलं, त्यांना काय माहीत, कार्डावर काहीच नाही. अर्ध्या तासात गडी थरथरायला लागला, घामानं चादर ओली, आम्हाला वाटलं हार्ट अटॅकच. नंतर कळलं आधीच ओपिऑइडची सवय असलेल्याला त्या इंजेक्शनने उलट विथड्रॉवल येऊ शकतं. आणि क्लेमचं म्हणाल तर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टात दारू-ड्रग्जशी संबंधित मानसिक आजारही धरलेत आणि कलम २१ म्हणतं विमा शारीरिक आजारासारखाच द्यायचा. काकांना हे माहीत असतं तर.

मिरजेची_सिस्टर
दादा तुमचं पटतंय. पण तो खरंच व्यसनात होता, म्हणून लिहायला हवं होतं. नव्हता त्याला पण लिहायचं का?

भडंग_आणि_चहा
आणि डिपेंडन्सच्या कोडने तिकडे रिस्क स्कोअर (पेशंट किती आजारी याचा आकडा) वाढतो, विम्याच्या प्लॅनला पैसे जास्त मिळतात हे पण बोला की. म्हणून मला पण २० वर डोळे झाकून विश्वास नाही, फक्त ताई एक बाजू घट्ट धरतात आणि दुसरी सोडून देतात.

विश्रामबागची_कोडर
अपडेट. क्वेरीचं उत्तर आलं. पर्याय दिले होते, औषधामुळे, औषधाशी संबंध नाही, इतर, ठरवता येत नाही. डॉक्टरने 'ठरवता येत नाही' वर टिक केलंय. कोड सुटेच राहणार. डिपेंडन्स कशावरून लिहिलं याची दुसरी क्वेरी टाकलीये.

भडंग_आणि_चहा
म्हणजे तीन दिवस थांबून हातात तेच 🙏 पान १४ आत्ता वाचलं, बायकोचं खरंय, डिप्रेशनचं मी मागे घेतो. झोपेचं नाही. ऑक्सिकोडोनचा डोस वाढवला त्याच आठवड्यात झोपेची तक्रार सुरू झालीये, पान २२ बघा.

विश्रामबागची_कोडर
बघितलं. तारखा जुळतात खऱ्या. दुसऱ्या क्वेरीत त्या दोन तारखा टाक, आणि नुसत्या तारखाच टाक, पुढे 'म्हणून' लिहू नकोस.