पोरगी 200 मीटर पळते, सर म्हणतात 400 धर. काय करावं?

मानकापूरची_आई: मुलगी यंदा दहावीत. मानकापूरच्या संकुलात रोज सकाळी सरावाला जाते, 200 मीटर तिची आवडती. सरांचं म्हणणं, उंची चांगली आहे, आता 400 धर. तिची लाडकी धावपटू आयर्लंडची रॅशिडात अडेलेके. "तीसुद्धा 200 वरूनच गेली," असं म्हणते. घरी आजोबा म्हणतात, ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेलीचं काय एवढं कौतुक? जाणकारांनी सांगावं.

लेन_पाच: ताई, मी विद्यापीठाकडून 400 पळलो आहे, म्हणून जरा लांब लिहितो. पोरीनं उदाहरण बरोबर दिलं, पण त्यातली वर्षं बघा. 2018 मध्ये ग्योरला युरोपच्या 18 वर्षांखालील स्पर्धेत रॅशिडातनं सुवर्ण घेतलं ते 200 मध्ये. तेव्हा ती 15 ची. 2021 मध्ये टॅलिनला 20 वर्षांखालील गटात 100 आणि 200, दोन्ही सुवर्णं तिचीच. त्याच वर्षी ती अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकायला गेली, तिथे एड्रिक फ्लोरियल यांच्या हाताखाली 400 पक्की झाली. 2023 मध्ये 50 सेकंदांच्या आत धावणारी पहिली आयरिश महिला झाली आणि जूनमध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत 49.20 मध्ये जिंकली. म्हणजे कैक वर्षं नुसता वेग कमावला, लांब अंतर त्यावर चढवलं. ज्याची 200 वेगवान, त्याला पहिले 200 मीटर दम राखून काढता येतात. नाहीतर 300 च्या खुणेपाशी मांड्यांचे दगड होतात, हात वर येतात, आणि शेवटचे 100 मीटर संपता संपत नाहीत. मैदानावर उभं राहून एकदा कोणाचीही शेवटची सरळ पट्टी बघा, खांदे कानाला लागलेले दिसतील.

सरांना विचारा, आठवड्यात 400 ची कामं, म्हणजे सरावाच्या धावा, किती देणार? या वयात 200 सोडायची नाही एवढं माझं ठाम मत. 300 च्या शर्यती पळू द्या, रिले पळू द्या.

रविनगर_स्पाईक्स: आजोबांना पॅरिस ऑलिम्पिकचे आकडे दाखवा. 2024 च्या 400 च्या फायनलमध्ये रॅशिडात 49.28, कांस्य 48.98 ला गेलं. त्याआधी जूनमध्ये रोमच्या युरोपियन स्पर्धेत तिनं 49.07 चा राष्ट्रीय विक्रम करून रौप्य घेतलं होतं. तो वेळ पॅरिसला पुन्हा दिला असता तरी पदक नव्हतं, इतकी ती शर्यत कडक! आणि 4x400 रिलेत आयर्लंड 3:19.90, ब्रिटन 3:19.72. कांस्य 0.18 सेकंदानं गेलं. बेकर, अडेलेके, हीली, मॉड्सली, चौघींनी जीव ओतला. रोममध्ये मिश्र रिलेचं सुवर्णही तिच्याच संघाचं. अशा पोरीचं कौतुक नाही करायचं तर कोणाचं करायचं, सांगा.

धंतोलीची_काकू: 400 चा सराव अंग मोडून काढतो. आधी मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाळी नियमित येते का ते बघा, आणि जेवण वाढवा. सकाळी उपाशीपोटी पाठवू नका, केळं तरी खाऊ द्या. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे आठ वाजताच ऊन भाजतं, तेव्हा मोठी कामं पहाटेच उरकायची. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत झोपेत अजिबात काटछाट नको.

मानकापूरची_आई: खूप आभार सगळ्यांचे. आजोबांना रिलेची फायनल मोबाईलवर लावून दिली. शेवटच्या बेंडला उठून उभे राहिले, आणि मग त्यांनीच विचारलं, "ही पुढच्या ऑलिम्पिकला असंल ना?" सरांशी शनिवारी बोलते. 300 आणि रिलेचंच विचारणार, 200 सोडणार नाही. रक्ताची तपासणी उद्याच करून घेते. लेन_पाच, तुम्ही सकाळी मैदानावर येत असाल तर एकदा तिची स्टार्ट बघाल का?

लेन_पाच: येतो ना ताई. स्टार्टला पाय टेकवायचे ब्लॉक घेऊन यायला सांगा तिला.