‘नेटिव्हिझम’ला ‘देशीवाद’ म्हणावं का?

अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला. त्यात एक वाक्य होतं: ‘१८८० नंतर अमेरिकेत देशीवाद फोफावला.’ मी तिथेच अडखळले. देशीवाद म्हटलं की मराठी वाचकाला भालचंद्र नेमाडे आठवणार, आपली माती, आपली बोली, साहेबी वाङ्मयाच्या ओझ्याखालून मान वर काढणं आठवणार. मूळ लेखातला शब्द होता ‘नेटिव्हिझम’, म्हणजे बाहेरून येऊन राहणाऱ्यांना आधीपासून राहणाऱ्यांनी केलेला विरोध, आणि हकीकत होती खाणीवरच्या चिनी मजुरांना ठार मारल्याची. नेमाड्यांच्या देशीवादालाही इंग्रजीत नेटिव्हिझमच म्हणतात, म्हणून अनुवादकानं तो शब्द उचलला. त्याची चूक समजण्यासारखी आहे, पण ती तशीच छापली जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

घोळ आहे तो ‘नेटिव्ह’मध्ये. हा शब्द लॅटिनमधल्या ‘जन्मलेला’ या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि तो लॅटिन शब्द आपल्या संस्कृत ‘जात’चा सख्खा भाऊ. आपल्याकडे नेटिव्ह आला तो साहेबाच्या तोंडून. पुण्यात १८४८ साली निघालेल्या वाचनालयाचं नावसुद्धा नेटिव्ह जनरल लायब्ररी होतं. इथे नेटिव्ह म्हणजे राज्य गमावलेला माणूस. त्याच सुमारास अमेरिकेत मात्र हा शब्द वरचढ लोक स्वतःला लावत होते. ज्यांचे आजे-पणजे इंग्लंडहून जहाजानं आले, त्या प्रॉटेस्टंट गोऱ्यांनी आयरिश आणि जर्मन कॅथलिकांविरुद्ध ‘नेटिव्ह अमेरिकन पार्टी’ काढली होती. पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीवर राहणाऱ्या आदिवासी जमातींना त्याच काळात पश्चिमेकडे हुसकावलं जात होतं, आणि पक्षाच्या नावातल्या ‘नेटिव्ह’मध्ये त्यांना जागा नव्हती.

म्हणून ‘भूमिपुत्रवाद’ हा पर्यायही मला पटत नाही. कुणी कितीही ताणला तरी भूमिपुत्र म्हटल्यावर मराठी कानाला जमीन कसणारा, तिथलाच माणूस ऐकू येतो. डेनिस कर्नीला भूमिपुत्र कसं म्हणणार? १८७७ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या सभांमधून ‘चिन्यांनी चालतं व्हावं’ अशी गर्जना करणारा हा पुढारी स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. ज्या आयरिशांना आधीच्या पिढीत हाकलायला निघाले होते, त्यांच्यातलाच एक आता पुढच्यांना हाकलत होता.

१८८२ मध्ये कायदा होऊन चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी झाली. १८८५ च्या सप्टेंबरात वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जला गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी खाणकामगार मारले आणि त्यांची घरं जाळली. मारणाऱ्यांतले बरेच जण युरोपातून आलेले होते.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या धोबीखान्यांचं प्रकरण शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. १८८० मध्ये नगरपालिकेनं नियम केला की लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा तर परवानगी हवी. कारण आगीच्या धोक्याचं. शहरात सुमारे ३२० धोबीखाने, त्यातले ३१० लाकडी, आणि २४० चिनी माणसांचे. सुमारे दोनशे चिन्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले. इतरांचे ऐंशीच्या आसपास अर्ज होते, त्यातला एक सोडून सगळे मंजूर. एक धोबी त्याच जागेत बावीस वर्षं कपडे धूत होता, त्याला दंड झाला आणि दंड भरला नाही म्हणून कोठडी. तो लढला, आणि १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. नियमाच्या मजकुरात ‘चिनी’ हा शब्दच नव्हता. द्वेष सगळा अंमलबजावणीत होता.

१८९२ च्या कायद्यानं बंदी वाढली आणि चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला सक्तीचा झाला. दाखला नसताना पकडला गेला तर आपण इथलेच रहिवासी आहोत हे सिद्ध करायला ‘किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार’ आणायचा. कायद्यातले शब्द हेच आहेत. शेजारचा चिनी दुकानदार वीस वर्षं ओळखत असेल, तरी त्याची साक्ष पुरेशी नव्हती.

ह्या सगळ्याला मी ‘आगंतुकद्वेष’ सुचवते. ‘परकीयद्वेष’ जवळचा आहे, पण त्यात दूर देशी राहणाऱ्याचा द्वेषही बसतो, इथे राग दारात येऊन उभ्या राहिलेल्यावर आहे. ‘उपरा’ मला फार आवडतो, पण समास करताना जीभ अडते. ‘आगंतुक’ म्हटलं की न बोलावता आलेला, आणि तो कुणाच्या तरी नंतर आलेला, एवढंच कळतं. द्वेष करणारा अस्सल तिथला आहे असं कबूल करावं लागत नाही. कर्नीही त्यात बसतो. विशेषण हवं असेल तिथे ‘आगंतुकविरोधी’ लिहावं.

एका ठिकाणी मात्र ‘नेटिव्ह’चा मूळ अर्थच धरायला हवा. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, आई-बाप चिनी. १८९५ मध्ये चीनहून परतताना त्याला बंदरात अडवलं, हा नागरिक नाही म्हणून. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच नागरिक असल्याचा निर्णय दिला. त्याच्याबद्दल आलेल्या ‘नेटिव्ह-बॉर्न’ला अनुवादकानं ‘देशी’ लिहिलं होतं. मी ते खोडून ‘जन्मानं अमेरिकी’ केलं आहे.