गायक बदलल्यानंतरचा पुनरागमनाचा अल्बम कशावरून पारखावा?

धुऱ्यावरचा श्रोता (तालुका साकोली, जिल्हा भंडारा)

नमस्कार. उन्हाळी धानाला पाणी देण्यासाठी लागणारी वीज आमच्या भागात पुष्कळदा रात्रीच येते. मोटार सुरू केली की बांधी (धानाचे वाफे) भरेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहावे लागते, आणि ते तास मी गेली काही वर्षे मेटल (रॉक संगीताचा एक जड, कर्कश प्रकार) ऐकण्यात घालवत आलो आहे. नागपूरला शिकत असताना सीताबर्डीच्या पदपथावर घेतलेल्या एका एमपी३ सीडीवर आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ होता. तिच्यावरची शेवटची दोन गाणी अडकत असत, त्यामुळे तो अल्बम पूर्ण ऐकायला मला मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त होईपर्यंत थांबावे लागले.

या महिन्यात मी तोच अल्बम आणि ॲक्सेप्ट या जर्मन बँडचा ‘ब्लड ऑफ द नेशन्स’ आलटून पालटून ऐकले. दोन्ही पुनरागमनाचे अल्बम म्हणून ओळखले जातात, परंतु त्यांची कथा एकमेकींच्या उलट आहे. आयर्न मेडनमधून गिटारवादक एड्रियन स्मिथ १९९० मध्ये आणि गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बाहेर पडले, मधल्या काळात ब्लेझ बेली या गायकाबरोबर दोन अल्बम निघाले, आणि १९९९ मध्ये ते दोघेही परतल्यावर २००० साली ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आला. म्हणजे तिथे जुना आवाज घरी आला. ॲक्सेप्टचा जुने गायक उडो डर्कश्नायडर यांच्यासोबतचा शेवटचा अल्बम मात्र १९९६ चा, आणि त्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी मार्क टॉर्निलो या अमेरिकी गायकाला घेऊन बँडने २०१० मध्ये हा नवा अल्बम काढला. जुना आवाज परत आलाच नाही, तरीही अल्बम जुन्या ॲक्सेप्टइतकाच दणदणीत वाटतो.

यावर माझ्या डोक्यात एक उपपत्ती तयार झाली आहे, आणि ती टिकते का हे मला इथल्या जाणकारांना विचारायचे आहे. आमच्या गावच्या भजनी मंडळात राष्ट्रसंतांची भजने म्हणणारे मुख्य गायक वयोमानामुळे थांबले आणि त्यांच्या जागी एक तरुण आला. जुने गायक काळी तीन या उंच पट्टीत सहज गात, तर या तरुणाचा आवाज काळी एकच्या वर गेला की फाटत असे. दोन वर्षे पेटी जुन्याच पट्टीत वाजत राहिली, तो मुलगा घसा ताणत राहिला, आणि लोक ‘आता पहिल्यासारखे राहिले नाही’ असे म्हणत राहिले. अखेर पेटीवाल्याने पट्टी उतरवली, अंतऱ्यात फार चढणारी भजने बाजूला ठेवली, आणि मंडळात पुन्हा जीव आला. तेव्हा माझे म्हणणे असे की, पुनरागमन साधते की फसते हे नवा गायक कोण आहे यापेक्षा बाकीच्यांनी त्याच्यासाठी पट्टी बदलली की नाही यावर ठरते. हे मेटललाही लागू पडते का?

पेटीमास्तर (देसाईगंज-वडसा)

आपला मुद्दा मला पटतो, कारण माझा धंदाच तो आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत मी ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतरच्या मंडयांपासून (गावोगावच्या जत्रांपासून) होळीच्या सुमारापर्यंत आमचा हंगाम चालतो, आणि त्या काळात गाणारी नायिका ऐनवेळी बदलणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पट्टी बदलायला मला एक क्षण पुरतो, पण पदाची चाल ज्या गळ्यासाठी बांधलेली असते त्याची सवय तिला लागलेली असते, आणि ती सवय ऑर्गनच्या पट्टीबरोबर सरकत नाही. म्हणून आपल्या ‘पट्टी’ या शब्दात मी चालीचाही समावेश करीन.

याचे सर्वांत चांगले उदाहरण ब्लॅक सबाथ या बँडचे आहे. गायक ऑझी ऑस्बोर्न यांच्या काळात गायनाची चाल पुष्कळदा गिटारच्या रिफच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक सुरावटीच्या, पावलावर पाऊल टाकून जाते. १९७० चे ‘आयर्न मॅन’ ऐकल्यास गिटार आणि गळा एकच ओळ म्हणत असल्याचे कोणाच्याही लक्षात येईल. १९७९ मध्ये ऑझी यांना काढल्यावर रॉनी जेम्स डिओ आले. त्यांना स्वतंत्र, पल्लेदार चाल गाणे आवडत असे. त्या नव्या गायकासाठी गिटारवादक टोनी आयोमी यांनी वाजवण्याची रीतच बदलली. १९८० च्या ‘हेवन अँड हेल’ या शीर्षकगीतात गायन सुरू झाले की गिटार जवळजवळ बाजूला होते, गीझर बटलर यांचा बास एका ठेक्यात धडधडत राहतो, आणि वरची सगळी जागा गळ्याला मोकळी मिळते. आमच्याकडे गायिका आलाप घेऊ लागली की शहाणा तबलजी हेच करतो.

आयर्न मेडनच्या बाबतीत मात्र आपण थोडे सावध राहावे. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधली काही गाणी आधीच्या, म्हणजे बेली यांच्या काळातल्या ‘व्हर्च्युअल इलेव्हन’च्या वेळीच आकार घेऊ लागली होती, त्यामुळे ती सगळी परतलेल्या गायकासाठीच बांधली गेली असे म्हणता येणार नाही. शिवाय स्मिथ यांच्या जागी आलेल्या यानिक गर्स यांना घरी पाठवले गेले नाही. डेव्ह मरी धरून गिटारवादक तीन झाले, आणि पॅरिसच्या स्टुडिओत निर्माते केव्हिन शर्ली यांनी सर्वांना एकत्र वाजवायला लावून ध्वनिमुद्रण केले. जुना गायक परतला, पण बँड १९९० पूर्वीचा राहिलेला नव्हता, आणि मला तरी त्या अल्बमचा दाटपणा या तीन गिटारांतच ऐकू येतो.

आपली उपपत्ती तपासायची असेल तर एक प्रयोग सुचवतो. १९९५ च्या ‘द एक्स फॅक्टर’मधले ‘साइन ऑफ द क्रॉस’ आधी बेली यांच्या आवाजात ऐकावे, आणि मग तेच गाणे जानेवारी २००१ च्या ‘रॉक इन रिओ’ मैफलीत डिकिन्सन यांच्या आवाजात ऐकावे. बेली यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा आहे. जे गाणे त्यांच्यासाठी झाले होते त्यात त्यांचा काळोखा स्वर शोभतो. मात्र मैफलींत त्यांना डिकिन्सन यांची उंच गाणी मूळच्याच पट्टीत म्हणावी लागत, कारण मेडनने त्यांच्यासाठी तारा उतरवल्या नाहीत. आपल्या गावच्या त्या तरुणासारखीच त्यांची गत झाली.

आर्वीची वाचक (जिल्हा वर्धा)

दोघांचेही लेखन आवडले, पण ही उपपत्ती मला मान्य नाही, आणि तिला छेद देणारी दोन उदाहरणे मी देते.

पहिले जुडास प्रीस्ट या बँडचे. गायक रॉब हॅलफर्ड बँड सोडून गेल्यावर आलेले टिम ओवेन्स हे त्याआधी प्रीस्टचीच गाणी म्हणणाऱ्या एका बँडमध्ये गात असत, आणि हॅलफर्ड यांच्या उंचीपर्यंत त्यांचा गळा बिनतक्रार पोहोचत असे. पट्टीचा प्रश्नच नव्हता. तरीही १९९७ चा ‘जगुलेटर’ आणि २००१ चा ‘डिमॉलिशन’ आज किती जण काढून ऐकतात? २००३ मध्ये हॅलफर्ड परतले आणि २००५ मध्ये ‘एंजल ऑफ रेट्रिब्यूशन’ आला तेव्हाच चाहत्यांनी श्वास सोडला. माझ्या मते दोष ओवेन्स यांच्या गळ्याचा नव्हता. त्या काळात जड आणि कोरड्या रिफची जी लाट होती तिच्यामागे बँड गेला, आणि गुणगुणता येईल अशी चाल मागे राहिली.

दुसरे उदाहरण प्रश्नकर्त्यांच्या आवडत्या ॲक्सेप्टचेच आहे, आणि ते त्यांनी विचारात घेतले नाही याचे मला आश्चर्य वाटते. या बँडने उडो यांच्याविना एक प्रयत्न आधीही केला होता. १९८९ चा ‘ईट द हीट’ डेव्हिड रीस या अमेरिकी गायकाबरोबर झाला. तिथे तर आपण म्हणता तसे सगळे घडले: नवा आवाज अधिक सुरेल आणि गुळगुळीत होता, आणि बँडनेही गाणी अमेरिकी रेडिओच्या वळणाची, तितकीच गुळगुळीत केली. पट्टीही बदलली, चालही बदलली. जुन्या चाहत्यांनी तो अल्बम स्वीकारला नाही. एकाच बँडने दोनदा अमेरिकी गायक आणला, एकदा फसला आणि एकदा तरला, तर फरक गायकाच्या पलीकडे कुठेतरी शोधायला हवा.

माझे उत्तर असे आहे की, गायकाकडे लक्ष देऊ नका, झीलकऱ्यांकडे, म्हणजे मागून सूर धरणाऱ्यांकडे, द्या. ॲक्सेप्टची खरी ओळख उडो यांच्या घोगऱ्या किंचाळीइतकीच मागून येणाऱ्या पुरुषांच्या भरदार समूहस्वरात आहे, आणि वुल्फ हॉफमन यांच्या पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाच्या गिटारमध्ये आहे. १९८५ च्या ‘मेटल हार्ट’मध्ये तर त्यांनी बेथोव्हनची ‘फ्यूर एलिझे’ सरळ वाजवली आहे. ‘ब्लड ऑफ द नेशन्स’मध्ये निर्माते अँडी स्नीप यांनी हेच दोन घटक पुढे आणले. ‘ट्यूटॉनिक टेरर’चे धृपद ऐकताना पुढे कोण गात आहे हे विसरायला होते. एसी/डीसीचेही तेच. (तो बँड मेटल की हार्ड रॉक, हा वाद कृपया इथे नको.) गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारले आणि जुलैमध्ये ब्रायन जॉन्सन यांना घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ आला, पण धृपदाला मागून साथ करणारे मॅल्कम यंग आणि क्लिफ विल्यम्स तेच होते. गोंधळात मुख्य गोंधळी बदलला तरी मागचा ‘जी जी’ तोच असेल तर ऐकणाऱ्याला घर ओळखू येते.

पेटीमास्तर

ताई, झीलीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो मोलाचा आहे. परंतु सबाथला तो लागत नाही, कारण तिथे झील जवळजवळ नाहीच. तिथे घर ओळखू येते ते आयोमींच्या गिटारच्या स्वरावरून.

बाजावाला (तालुका पुसद)

माझा व्यवसाय लग्नात ध्वनिवर्धक लावण्याचा आहे, म्हणून एवढेच सांगतो की, नव्या सदस्याला दोष देण्याआधी अल्बमचे ध्वनिसंस्करण (मास्टरिंग) तपासावे. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्यासह झालेला पहिला स्टुडिओ अल्बम, आणि गाण्यांच्या दृष्टीने तो पुनरागमनच होता. पण त्याची पातळी इतकी चढवली गेली की ड्रमचा प्रत्येक ठोका चिरकतो. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या खेळासाठी दिलेली आवृत्ती मोकळी निघाली, आणि चाहत्यांनी दोन्हींची तुलना करून तक्रार केली. माझ्या बॉक्सवर तो अल्बम लावला की आवाज वाढवूनही जोर वाढत नाही. प्रश्नकर्ते रात्री शेतात कसल्या इअरफोनवर ऐकतात हे त्यांनी सांगितलेले नाही.

धुऱ्यावरचा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. इअरफोन साधाच आहे आणि त्याची एक बाजू गेल्या पावसाळ्यापासून मंद झाली आहे, तेव्हा बाजावाले दादांची शंका रास्त आहे.

काल रात्री मी पेटीमास्तरांनी सुचवल्याप्रमाणे ‘साइन ऑफ द क्रॉस’ दोन्ही आवाजांत ऐकले. डिकिन्सन यांचे गायन अधिक झेपावते, पण सुरुवातीचा मंत्रासारखा भाग संपल्यावर बेली ज्या दबलेल्या स्वरात शिरतात, तो त्या गाण्याला जास्त शोभतो असे माझे मत झाले, आणि तसे होईल अशी माझी अपेक्षा नव्हती. ‘ईट द हीट’ मी आजवर ऐकलाच नव्हता. चार गाणी ऐकून झाली तेव्हा वीज गेली. वाईट नाहीत, पण ती ॲक्सेप्टची आहेत हे सांगितल्याशिवाय ओळखता आले नसते.

आर्वीच्या ताईंचे उत्तर वाचून मी आमच्या पेटीवाल्याला पुन्हा विचारले, तेव्हा एक गोष्ट आठवली जी मी वर लिहायची राहून गेली होती. जुने गायक थांबले तेव्हा मागे झील धरणारे दोघे भाऊ रुसून मंडळात यायचे बंद झाले होते. ते परत आले त्याच आठवड्यात पट्टी उतरवली गेली.