रिकॉलचं पत्र चंदगडला, गाडी बेळगावात: चूक कोणाची?

तिसरं गेट

मंडळी, वाद घालायलाच धागा काढलाय, तेव्हा मोकळेपणाने बोला. विषय रिकॉलचा, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनी गाड्या परत बोलावून दुरुस्त करते त्याचा.

गेल्या श्रावणात गोव्याहून परत येत होतो. चोर्ला चढून कणकुंबीच्या अलीकडे गाडी चालता चालता बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, पाय अॅक्सिलरेटरवर आणि इंजिन गप्प. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. धुकं इतकं की मागच्या टेम्पोला आम्ही दिसलो हेच नशीब. कशीबशी कडेला घेतली. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर काही झालंच नाही अशा थाटात चालू! जांबोटीला पुन्हा तेच. शेवटी टो करून बेळगाव.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने चेसिस नंबर टाकला आणि म्हणाली, "सर, ह्या गाडीवर फ्युएल पंपाचा रिकॉल पेंडिंग आहे. पत्र कधीच गेलंय." गेलंय कुठे? चंदगडला, मामांच्या घरी. गाडी त्यांच्या नावावर आहे, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. फोन केला तर मामा म्हणाले, हो, आलं होतं काहीतरी. देवघराच्या फळीवर विम्याच्या कागदांत आहे, फोडलेलं नाही.

काम म्हणाल तर दोन तासांचं. मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं, टाकीतून पंप वर घेतला, नवा बसवला. बिल शून्य. पंपाच्या आत प्लॅस्टिकची पात्यांची चकती असते, इम्पेलर म्हणतात. ती पेट्रोल शोषून फुगते, कडेला घासते आणि मोटर अडकते. गार झाली की सुटते. म्हणून ते दहा मिनिटांचं नाटक.

माझं म्हणणं असं. पत्र कागदावरच्या पत्त्याला जातं, गाडी दुसरीकडेच फिरत असते. पण चेसिस नंबर दरवर्षी विमा कंपनीकडे जातोच की. मग रिन्यूअलच्या वेळी स्क्रीनवर लाल अक्षरात दाखवा, रिकॉल बाकी आहे. दोन वर्षं दाखवूनही मालक हलला नाही तर विमा अडवा. कंपनी एक पत्र टाकून हात झटकते, हे मला मान्य नाही.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

पहिली गोष्ट, गाडी बेळगावात, मालक चंदगडात. टॅक्स वाचवायला मामांचा पत्ता वापरायचा आणि पत्र मामांकडे गेलं की कंपनीला शिव्या! सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे असल्या शंभर गाड्या दाखवतो तुम्हाला.

दुसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण रिकॉल म्हणजे कंपनीने पाप कबूल केलं असं लोकांना वाटतं. मी फाउंड्रीत आहे. आम्ही एसजी आयर्नचे, म्हणजे आत ग्राफाइटचे गोळे असलेल्या चिवट बिडाचे, पार्ट ओततो, ब्रॅकेट, हाउसिंग, नकल. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या मोठ्या डावात, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट केली की घड्याळ सुरू. दहा-बारा मिनिटांत ती लॅडल ओतून रिकामी झाली पाहिजे. उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं, ग्राफाइटचे गोळे धरत नाहीत, आणि वरून चकचकीत दिसणारा पार्ट आतून ठिसूळ राहतो. डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक पार्टवर हीट नंबर (हीट म्हणजे एका वेळी वितळवलेला घाणा) आणि तारीख उठवलेली असते आणि प्रत्येक हीटचं सॅम्पल जपून ठेवतात.

एकदा आमच्याकडे रात्री क्रेन अडकली. लॅडल भरलेली, ओतणारे थांबलेले. सुपरवायझरने त्या हीटचा सगळा माल बाजूला काढायला लावला. पण त्यातले दोन मोल्ड आधीच्या ढिगात मिसळले गेले की काय, अशी शंका आली. मग आधीच्या हीटचा ढीगही लाल रंग मारून भंगारात. दोन पार्टच्या शंकेवर दोनशे गेले. रिकॉल हेच असतं, फक्त माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचलेला असतो.

मारुतीने २०२० च्या जुलैत वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठीच बोलावल्या. त्यातल्या वॅगनआर होत्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ ह्या काळात बनलेल्या. तारखा बघा. एवढ्या सगळ्या गाड्यांत दोष होता असं नाही. संशयाचा माल ह्या तारखांच्या आत कुठेतरी बसलाय, एवढंच कळलेलं असतं. जी कंपनी अशा तारखा सांगू शकते, तिच्याकडे निदान हिशेब तरी आहे. जी कधीच रिकॉल काढत नाही, तिची मला जास्त भीती वाटते.

गणेशपूरची सून

भाऊ, फाउंड्रीचं पटलं. पण "पत्र टाकलं, जबाबदारी संपली" हे नाही पटलं.

आमच्या सासऱ्यांना एसएमएस आला होता. इंग्रजीत. त्यात रिकॉल हा शब्दच नव्हता, "सर्व्हिस कॅम्पेन" असं काहीतरी लिहिलेलं, खाली एक लिंक. त्यांना वाटलं लोनची जाहिरात, डिलीट केला. दुसऱ्यांदा पत्र आलं ते इंग्रजी आणि कन्नडमध्ये. सासरे मराठी शाळेत शिकलेले, कन्नड बाजारापुरतं बोलतात, वाचता येत नाही. भाषेच्या वादात मला ह्या धाग्यावर पडायचंच नाही, त्याला वेगळे धागे आहेत आणि तिथे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण "तुमच्या गाडीच्या एअरबॅगमध्ये दोष आहे, फुकट बदलून देतो, लगेच या" ही एक ओळ मराठीत लिहायला काय खर्च येतो? गाडी विकताना शोरूमचा पोरगा सासऱ्यांशी तासभर मराठीतच बोलत होता की.

आणि एअरबॅग म्हणजे पंप नव्हे. टकाटाचं प्रकरण वाचा. एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी. त्यांच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यात, अमोनियम नायट्रेटच्या गोळ्या होत्या. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन त्या भुगा व्हायच्या. मग धडक झाली की फार जोरात पेटायच्या आणि धातूचा डबाच फुटून तुकडे समोरच्याच्या अंगात. जी वस्तू जीव वाचवायला बसवली तीच. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत मागवले आणि २०१७ साली कंपनीचं दिवाळं निघालं. आपल्याकडे जूनपासून कपाटातल्या चपलांना बुरशी येते. दमट हवेचं आम्हाला कुणी सांगायला नको.

कणकुंबी पाऊस

तिसरं गेटवाले, तुम्ही आमच्या दारात बंद पडलात, हाक मारायची होती की, चहा तरी दिला असता.

पण विमा अडवायची तुमची कल्पना शहरातली आहे. सर्व्हिस सेंटर बेळगावात. आमच्याकडनं जायाचं म्हणजे अर्धा दिवस जाण्यायेण्यात, उरलेला अर्धा तिथल्या सोफ्यावर टीव्ही बघत. आणि गेल्यावर सांगतात, पार्ट आला नाही, फोन करतो. माझ्या भावाला असं दोनदा परत पाठवलंय. त्याची गाडी भाड्याची, एक दिवस उभी म्हणजे एक दिवसाचं पोट. त्याचा विमा अडवलात तर तो बिनविम्याची गाडी चालवणार. मग कुणाला धडक बसली तर? तुम्ही सुरक्षा वाढवायला निघालात आणि दुसऱ्याच्या पोराला उघड्यावर पाडलंत.

पार्टचं कसं असतं बघा. २०२१ ला मारुतीनंच १,८१,७५४ गाड्या बोलावल्या. सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल सिक्स. मोटर जनरेटर युनिट म्हणून एक भाग आहे त्यात दोष. जाहीर केलं सप्टेंबरात, बदलायला घेणार नोव्हेंबरात. आणि तोवर काय? पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका, इलेक्ट्रिकच्या भागांवर थेट पाणी मारू नका. सप्टेंबरात पाणी नसलेला एक रस्ता दाखवा आमच्या तालुक्यात! मलप्रभा आमच्याच गावात उगवते हो.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

मग काय, दोष कळल्यावर पार्ट तयार होईपर्यंत दोन महिने गप्प बसायला पाहिजे होतं? दीड-दोन लाख युनिट एका रात्रीत बनत नाहीत. आधी सांगितलं ते बरंच केलं.

कणकुंबी पाऊस

सांगितलं ते बरं केलं, मी कुठं नाही म्हणतोय? पण दोन महिने गाडी उभी करायची तर भाडं कोण देणार? दुसरी गाडी द्या वापरायला. ते नाही जमत.

जुनी गाडी नवी चावी (निपाणी)

धंद्यातला माणूस म्हणून खरं बोलतो, राग आला तरी चालेल.

गिऱ्हाइकाला "ह्या गाडीचा रिकॉल झालाय" म्हटलं की तो दहा-वीस हजार खाली येतो किंवा उठून जातो. काम झालंय, नवा पार्ट आहे, जॉब कार्ड दाखवतो म्हटलं तरी त्याच्या डोक्यात "डिफेक्टिव्ह पीस" बसलेलं असतं. त्यामुळे आमच्यात कुणी स्वतःहून सांगत नाही. विचारलं तर सांगतो. आजवर किती जणांनी विचारलं असेल? बोटं कमी पडणार नाहीत मोजायला. टायर बघतात, बॉनेट उघडून तेल बघतात, किलोमीटरवरून भांडतात. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर टाकायला पाच मिनिटं लागतात, ते कुणी करत नाही.

निपाणीत तर एमएच, केए, जीए, तिन्ही नंबरच्या गाड्या येतात. एकेक गाडी तीन हातांतून आलेली. तिला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

गणेशपूरची सून

विचारलं तर सांगतो! म्हणजे एअरबॅगचा दोष माहीत असून तुम्ही गाडी विकता आणि वर सांगता की धंदा आहे?

जुनी गाडी नवी चावी (निपाणी)

ताई, एअरबॅगची एकही विकली नाही, शपथ. पंपाच्या गेल्या असतील.

तिसरं गेट

पंपाच्याच गाडीत आम्ही घाटावर धुक्यात उभे होतो, साहेब.

कोर्ट आवार

कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथे सगळे कंपनीच्या मर्जीवर बोलताहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. त्याआधी आपल्याकडे सक्तीचा रिकॉल नव्हताच. २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची एक ऐच्छिक संहिता होती, तेवढंच. आता सरकार आदेश काढू शकतं. कंपनीने दुरुस्त करून द्यायचं, नाहीतर तशीच किंवा त्याहून चांगली गाडी द्यायची, नाहीतर पूर्ण पैसे परत. वर दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत.

आता मेख कुठे आहे ती बघा. कंपनीने स्वतःहून दोष कळवला आणि रिकॉल सुरू केला तर दंड नाही. म्हणून बातमीत नेहमी "स्वेच्छेने" असतं. उद्यमबागवाल्यांना त्यात प्रामाणिकपणा दिसतो, मला दंडाचं गणित दिसतं. आणि सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. सूनबाईंनी टकाटाचं सांगितलं ते इथे लावा. तो इन्फ्लेटर धोक्याचा होतो तोच मुळी जुना झाल्यावर. होंडाने २०१७ साली टकाटासाठी ४१,५८० गाड्या बोलावल्या त्या २०१२ सालात बनलेल्या, म्हणजे पाच वर्षांच्या. आणखी तीन वर्षं उशीर झाला असता तर आजच्या नियमाने त्यांना सक्तीच नसती. अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षांपर्यंत आहे.

शिवाय सरकारने लक्ष घालायला एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी पोर्टलवर यायला लागतात. बंद पडलेली गाडी चालू झाली की आपण "सुटलो" म्हणतो आणि मिसळ खायला जातो. तक्रार कोण टाकतंय?

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

वकीलसाहेब, दंडाच्या भीतीने का असेना, सांगतात ना? घराला आग लागल्यावर बंबवाला पगारासाठी आला की सेवेसाठी, हे विचारत बसता का?

कोर्ट आवार

बंबवाला दहा वर्षं उशिरा आला तर विचारतो. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं बघा. चालत्या गाडीत चावी आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद, एअरबॅगही बंद. कंपनीतल्या माणसांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं, रिकॉल आला २०१४ मध्ये. सुटा भाग एका डॉलरपेक्षा कमी किमतीचा. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. तुमच्या सुपरवायझरने दोन पार्टच्या शंकेवर ढीग भंगारात घातला, त्याला माझा नमस्कार. पण वरच्या मजल्यावर बसलेला प्रत्येक जण तो सुपरवायझर नसतो.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

हे मात्र खरं. त्या रात्रीनंतर त्यालाही मेमो मिळाला होता, माल वाया घालवला म्हणून. हे मघाशी मुद्दामच लिहिलं नव्हतं.

तिसरं गेट

कणकुंबीकरांचा मुद्दा दोनदा वाचला. विमा अडवायचं माझं म्हणणं मागे घेतो. थर्ड पार्टी विमा अडवणं म्हणजे चुकीच्या माणसाला शिक्षा. पण स्क्रीनवर दाखवायची मागणी सोडणार नाही. आणि नाव ट्रान्सफर करताना आरटीओतही दाखवा, म्हणजे निपाणीच्या साहेबांना "विचारलं तर सांगतो" म्हणता येणार नाही.

कणकुंबी पाऊस

आणि खानापुरात महिन्यातनं एक दिवस व्हॅन पाठवा. पंप बदलायला लिफ्ट कशाला पाहिजे? तुम्हीच सांगितलंत, सीट उचलली, झाकण काढलं.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

पेट्रोलची टाकी उघडायची असते हो, रस्त्याच्या कडेला विडी ओढणाऱ्यांच्या गर्दीत नाही करता येत. पण सॉफ्टवेअरचं किंवा स्टिअरिंगच्या टाय रॉडचं काम गावात होऊ शकतं, हे मान्य.

गणेशपूरची सून

आज सासऱ्यांच्या आरसीवरून सतरा आकडी चेसिस नंबर बघून साइटवर टाकला. झिरो आणि ओ ह्यांत घोळ होऊन दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. रिकॉल बाकीच आहे. सोमवारी बोलावलंय. पार्ट आहे का हे आधी फोनवर विचारून घेतलं, कणकुंबीकर, तुमच्यामुळे.

जुनी गाडी नवी चावी (निपाणी)

अंगणात सध्या अकरा गाड्या उभ्या आहेत. पोराला बसवलंय नंबर टाकायला. आतापर्यंत सहा झाल्या, एक निघाली. ती अजून विकलेली नाही, ताई.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

ते सगळं ठीक. तिसरं गेटवाले, गाडी केए २२ वर, म्हणजे बेळगाव पासिंगवर, कधी घेताय?

तिसरं गेट

मामांना विचारून सांगतो.