मदत हवी आहे: बीपीटीएचनंतर अमेरिकेत फिजिकल थेरपिस्टचं लायसन्स, टी-डीपीटी (आधीच पदवी असलेल्या थेरपिस्टसाठीचा डॉक्टरेटचा छोटा कोर्स) करावं का?

नमस्कार. मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी; साडेचार वर्षं, इंटर्नशिप धरून). सध्या न्यू जर्सीत, एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला). शिकता येतं, नोकरी करता येत नाही.

एफसीसीपीटीकडून (परदेशी फिजिओथेरपी पदव्या तपासणारी अमेरिकेतली संस्था) डिग्रीचं मूल्यमापन करून घेतलं. मार्कशीट आणि सिलॅबस कॉलेजकडून थेट पाठवायला लावले, त्यामुळे ‘कागदपत्रं पुन्हा पाठवा’ हा सल्ला नको. टोफेल (इंग्रजीची परीक्षा) झाली आहे. रिपोर्टमध्ये जनरल एज्युकेशनचे (फिजिओ सोडून इतर सामान्य विषयांचे) काही क्रेडिट कमी आहेत, ते क्लेपच्या (कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणाऱ्या) परीक्षा देऊन भरायचा विचार आहे. खरी अडचण प्रोफेशनल विषयांची: इमेजिंग (एक्स-रे, एमआरआय वगैरे) आणि त्वचा-जखमांची काळजी. आपल्याकडे हे शिकवतात, पण दुसऱ्याच पेपरच्या पोटात, सिलॅबसमध्ये दोन ओळीत. मग मोजणाऱ्याला ते दिसणार कसं!

पूर्ण डीपीटी (फिजिकल थेरपीची डॉक्टरेट) म्हणजे नव्याने तीन वर्षं आणि भरमसाट फी, ते जमणार नाही. टी-डीपीटी स्वस्त आणि ऑनलाइन, पण चौकशी केली तिथे बहुतेकांनी आधी अमेरिकेतलं लायसन्स मागितलं. म्हणजे लायसन्ससाठी कोर्स आणि कोर्ससाठी लायसन्स. एमपीटीएचसाठी (फिजिओथेरपीची मास्टर्स) भारतात परतायचं नाही, मुलगी लहान आहे.

ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत हे केलंय त्यांनी सांगा: लायसन्स नसताना प्रवेश देणारं टी-डीपीटी कुठलं, की नुसते सुटे कोर्स घेऊन प्रोफेशनल क्रेडिट भरले आणि एनपीटीईला (लायसन्सची परीक्षा) बसता आलं? सुटे कोर्स घ्यायच्या आधी एफसीसीपीटीकडून मंजुरी घेतली होती का?